आराखडा नेमका, वीज मात्र कोळशाची: मुंबईच्या कार्बनकपातीचे परीक्षण

हे परीक्षण एका सेवेचे आहे. तिचे पैसे आपण मालमत्ता करातून आणि वीजबिलातून भरतो, पण ती कशी चालली आहे याची चौकशी फारसे कुणी करत नाही. मुंबईचे कार्बन उत्सर्जन कमी करणे, ही ती सेवा. महापालिकेने १३ मार्च २०२२ रोजी मुंबई वातावरण कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत शहर नेट झिरोवर, म्हणजे जेवढा कार्बन सोडला जाईल तेवढाच शोषला जाईल अशा स्थितीला, नेण्याचे वचन दिले. देशाने स्वतःसाठी २०७० हे वर्ष धरले आहे, म्हणजे मुंबईने वीस वर्षे आधीची तारीख घेतली. एवढे मोठे वचन दिले गेले की ग्राहकाने ते तपासून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

मी ऊर्जा लेखापरीक्षक आहे. इमारतींचे पंप, लिफ्ट, एसी, दिवे तपासायचे, वीज कुठे वाया जाते ते शोधायचे आणि सोसायटीला किंवा कंपनीला हिशेब मांडून द्यायचा, हे माझे काम. राहते विक्रोळीच्या कन्नमवार नगरात. त्यामुळे आराखडा हातात आला तेव्हा रंगीत चित्रे सोडून मी थेट आकड्यांच्या तक्त्यांकडे गेले.

तक्ते चांगले आहेत. आधारवर्ष २०१९. त्या वर्षी मुंबईचे उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके. माणशी १.८ टन. त्यातला ७२ टक्के वाटा ऊर्जेचा, म्हणजे मुख्यतः इमारतींत जळणाऱ्या विजेचा आणि इंधनाचा, २० टक्के वाहतुकीचा आणि ८ टक्के कचऱ्याचा. मोजदादीची पद्धत जीपीसी, जी वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट, सी-४० आणि इक्ली या संस्थांनी २०१४ साली शहरांसाठी ठरवून दिली. तिचा एक नियम मला फार आवडतो: वीज कुठेही तयार होवो, ती जो वापरतो त्याच्या खात्यावर तिचा धूर मांडायचा. डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या केंद्रात कोळसा जळतो आणि मुंबईच्या उपनगरांत दिवे लागतात. धुराडे शहराच्या हद्दीबाहेर आहे म्हणून मुंबईला हात झटकता येत नाहीत. हा प्रामाणिकपणा आराखड्यात आहे आणि त्यासाठी मी त्याला पुरते गुण देते.

आता उद्दिष्टे. २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ टक्के आणि मग २०५० ला नेट झिरो. इथे थोडे थांबून साधी बेरीज करा. वाहतूक २० आणि कचरा ८, दोन्ही मिळून २८. समजा उद्या मुंबईतली प्रत्येक मोटार, रिक्षा, बस, टेम्पो थांबला आणि कांजूरमार्ग-देवनारच्या कचराभूमींतून वायूचा एक बुडबुडाही निघाला नाही, तरी घट होईल २८ टक्के. २०३० चे उद्दिष्ट तरीही दोन टक्क्यांनी हुकेल, आणि यात दरवर्षी वाढणारी मागणी धरलेलीच नाही. सगळ्या चर्चा, सगळी उद्घाटने, सगळे फोटो बसचे आणि झाडांचे होतात. पण या शहराची परीक्षा विजेच्या पेपरात आहे आणि त्याच पेपरावर सगळ्यांत कमी बोलले जाते. म्हणून हे परीक्षणही मुख्यतः विजेचेच आहे.

आराखडा तयार झाला तेव्हा मुंबईच्या विजेतला सुमारे ९५ टक्के हिस्सा औष्णिक, त्यातही प्रामुख्याने कोळशाचा होता. ही गोष्ट मला दुहेरी टोचते, कारण मुंबईची सुरुवात अशी नव्हती. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि सह्याद्रीच्या पाण्यावर गिरणगावातल्या गिरण्या चालल्या. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली. शंभर वर्षांपूर्वी जे शहर विजेच्या बाबतीत देशाच्या पुढे होते, ते नंतर कोळशावर स्थिरावले.

वीज कोण देते ते मुंबईकराला पाठ असते: कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी, दोन्हीकडे टाटा आणि भांडुप-मुलुंडला महावितरण. यातली बेस्ट ही महापालिकेचीच. जगातल्या किती महानगरांना हे भाग्य आहे? लंडनच्या महापौराच्या हातात वीज वाटणारी कंपनी नाही. मुंबई महापालिकेच्या हातात आहे आणि तिचे सुमारे दहा लाख ग्राहक आहेत. दर वीज नियामक आयोग ठरवतो, हे मान्य. पण कुठली वीज घ्यायची याचे करार बेस्टच करते आणि गेली अनेक दशके तिची बहुतेक वीज टाटांकडून आली. माझ्या मते हीच या शहराची सगळ्यांत मोठी चावी आहे. नेट झिरोचे वचन देणाऱ्या महापालिकेने बेस्टचा पुढचा प्रत्येक वीजखरेदी करार हा आराखड्याचा पहिला अध्याय मानला पाहिजे.

उपनगरांत काय घडले ते पाहा. अदानी इलेक्ट्रिसिटीने ७०० मेगावॉटचा सौर-पवन करार केला, त्याची वीज २०२३ पासून राजस्थानच्या जैसलमेरहून येऊ लागली आणि उपनगरांच्या विजेतला हरित वाटा एकदम वाढला. माझ्या घरचा पंखा बदलला नाही, त्याचा वेग बदलला नाही, मी काही केले नाही, तरी त्याचा कार्बन कमी झाला. असा एक करार हजारो जनजागृती फलकांच्या वरचढ ठरतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी सुरू झाली. तिचे महत्त्व १२ ऑक्टोबर २०२० चा दिवस आठवला की कळते. त्या सकाळी अख्खी मुंबई अंधारात गेली, लोकल जागेवर थांबल्या. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या पुरेशा नसतील, तर शहराला आतल्या नि जवळच्या कोळशाच्या केंद्रांना धरून राहावे लागते. तारांचे काम कुणाला आकर्षक वाटत नाही, पण हरित विजेचा रस्ता त्या तारांतूनच जातो.

मात्र शहराला गुण देताना मी एक भेद करते आणि तो प्रत्येकाने करावा असे मला वाटते. विजेचे जाळे स्वच्छ झाल्यामुळे पडलेला आकडा वेगळा आणि शहराने स्वतःच्या हाताने पाडलेला आकडा वेगळा. लंडनचे उत्सर्जन गेल्या काही दशकांत पुष्कळ उतरले, त्यामागे ब्रिटनने कोळसा सोडला हे फार मोठे कारण आहे. तिथले शेवटचे कोळशाचे केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झाले. उलट २००३ पासूनचा गर्दी-कर आणि ऑगस्ट २०२३ मध्ये संपूर्ण बृहन्लंडनला लागू केलेला कमी-उत्सर्जन पट्टा ही लंडनची स्वतःची करणी. मुंबईच्या पुढच्या अहवालात हे दोन स्तंभ वेगळे छापले, तरच कळेल की महापालिकेचे काम किती आणि जैसलमेरच्या वाऱ्याचे किती.

ग्राहक म्हणून आपल्यालाही एक पर्याय आहे. राज्याच्या वीज नियामक आयोगाने २०२१ साली हरित वीजदर मंजूर केला: युनिटमागे ६६ पैसे जादा भरायचे आणि वितरण कंपनीने आपल्या वापराइतकी हरित वीज खरेदी करायची. महिना २०० युनिट वापरणाऱ्या घराला तेव्हाच्या दराने १३२ रुपये. मी ज्यांना ज्यांना सल्ला देते त्यांना हा पर्याय सांगते, पण सोबत हेही सांगते की तुम्ही घेतलेली हरित वीज कंपनीच्या सक्तीच्या हरित कोट्यात पुन्हा मोजली जात नाही ना, हे लेखी विचारून घ्या. एकच टन दोन वह्यांत वजा झाला तर हवेत काहीच वजा होत नाही.

आता इमारती, माझा रोजचा विषय.

कन्नमवार नगरात म्हाडाच्या जुन्या बैठ्या बांध्याच्या, तीन-चार मजली इमारती एकामागून एक पडत आहेत आणि वीस-बावीस मजल्यांचे टॉवर उभे राहत आहेत. लोकांना मोठे घर मिळते, पावसात गळणारे छप्पर जाते, याचा मला आनंद आहे. पण जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती. टॉवरला दोन-तीन लिफ्ट, बूस्टर पंप, यांत्रिक पार्किंग, पोडियमचे दिवे. पाणी वर चढवायला साडेसात अश्वशक्तीचा एक पंप रोज चार तास चालला, तर मोटारीतले नुकसान धरून सुमारे २५ युनिट जातात. देशाच्या वीजजाळ्यात युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला जवळजवळ साडेसहा टन. म्हणजे साडेतीन मुंबईकरांचे वर्षभराचे उत्सर्जन, फक्त एका पंपातून. योग्य आकाराचा पंप, पाइपाच्या तळाची गळकी झडप (फूटव्हॉल्व्ह) बदलणे आणि टाकी भरली की पंप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर एवढ्यावर यातला चांगला हिस्सा वाचतो. मी हे कागदावर मांडले की सेक्रेटरी काका विचारतात, “ताई, ते कार्बनचं राहू दे, बिल किती उतरेल?” मी बिलाचा आकडा सांगते. त्यांचा प्रश्न बरोबरच आहे, कारण त्यांना कार्बनचा हिशेब मागणारे कुणी नाही.

नेमकी इथेच आपली सेवा कमी पडते. न्यूयॉर्कने २०१९ साली लोकल लॉ ९७ हा कायदा केला. २५ हजार चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना २०२४ पासून उत्सर्जनाची मर्यादा लागली आणि मर्यादेवरच्या प्रत्येक टनाला वर्षाला २६८ डॉलर दंड ठरला. टोकियोने तर २०१० पासूनच मोठ्या इमारतींना कमाल मर्यादा घालून आपसांत कार्बन हक्कांची देवघेव करायला लावली. दोन्ही शहरांनी आधी इमारतींची नावे आणि त्यांचे टन एका यादीत आणले. मुंबईत बीकेसी, लोअर परळ, पवई, अंधेरीचे काचेचे टॉवर दिवसरात्र थंड ठेवले जातात. पश्चिमेच्या उन्हाला सामोरी काच लावायची आणि मग ती उष्णता बाहेर ढकलायला चिलर, म्हणजे एसीची मोठी शीतयंत्रे, चालवायचे, हे मी तपासणीत पुन्हा पुन्हा पाहते. या इमारतींचे दर चौरस मीटरमागचे युनिट दरवर्षी दर्शनी भागात लावायला सांगणे, एवढी तरी सक्ती महापालिकेने करावी. दंड नंतर आला तरी चालेल, आधी आकडा लोकांसमोर यावा.

गच्चीवरच्या सौर पॅनेलबद्दल दोन वाक्ये. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे आणि चार मजली इमारतीचे लिफ्ट-पंप त्यावर आरामात निघतात. बावीस मजली टॉवरची गच्ची मात्र टाक्या, लिफ्टची खोली आणि मोबाइलचे मनोरे यांत संपते, त्याची मागणी जैसलमेरनेच भागवावी लागणार.

पुनर्विकासाचा आणखी एक हिशेब आराखड्याच्या वहीत येत नाही. टॉवरमधले सिमेंट आणि सळई जिथे तयार होते, तिथे तिचा धूर मोजला जातो. जीपीसीच्या मूळ पातळीवरच्या मोजदादीत शहराने मागवलेल्या बांधकाम साहित्याचे उत्सर्जन धरत नाहीत. म्हणजे ज्या शहरात प्रत्येक गल्लीत क्रेन उभी आहे, त्या शहराच्या वहीत क्रेनखालच्या काँक्रीटची नोंद नाही. पद्धत चुकीची आहे असे मी म्हणत नाही, पण मुंबईसाठी ती अपुरी आहे आणि पुढच्या आवृत्तीत निदान मोठ्या प्रकल्पांच्या सिमेंटचे टन वेगळ्या पानावर यायलाच हवेत.

वाहतुकीत मुंबईला जो वारसा मिळाला आहे त्याला तोड नाही. लोकल रोज सुमारे ७५ लाख प्रवासी वाहते, विजेवर, आणि नव्या गाड्या ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडतात. १,५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर जाण्याचे मोठे काम पश्चिम आणि मध्य रेल्वेने गेल्या दशकात पूर्ण केले. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली. हे सगळे मनापासून कौतुकाचे आहे.

बसचे मात्र नीट पाहायला हवे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ए-११५ या मार्गावर सीएसएमटी ते एनसीपीए विजेची डबलडेकर सुरू झाली. आवाज नाही, धूर नाही, म्हाताऱ्या माणसाला एसीत बसून मरीन ड्राइव्ह पाहता येतो. पण कार्बनचा आकडा मांडला तर १२ मीटरची एसी ई-बस किलोमीटरला १.२ ते १.४ युनिट घेते. जाळ्याच्या सरासरीने ते ०.८४ ते ०.९८ किलो होतात. डिझेलची एसी बस लिटरला अडीच-तीन किलोमीटर जाते, म्हणजे ०.९ ते १.०५ किलो. फरक अगदी थोडा! रस्त्यावरच्या माणसाच्या छातीत जाणारा धूर पूर्ण थांबतो, आणि तेवढ्यासाठीही ई-बस हवीच, पण हवामानाचा फायदा वीज बदलेल तेव्हाच पदरात पडेल. पुन्हा त्या ७२ टक्क्यांपाशीच येऊन पोचतो आपण.

आणि बसची संख्या. चीनच्या शेन्झेनने २०१७ अखेर आपला १६ हजारांहून जास्त बसचा सगळा ताफा विजेवर नेला, ताफा न घटवता. बेस्टचा ताफा एकेकाळी चार हजारांच्या वर होता, आता तीन हजारांच्या खाली आहे. मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या मोटारींचा टोल माफ केला. मोटारीने येणे स्वस्त आणि बसने जाणे महाग, ही दिशा आराखड्याच्या उलट आहे. न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ पासून दक्षिण मॅनहॅटनमध्ये शिरणाऱ्या मोटारीला गर्दीच्या वेळी ९ डॉलर लावले आणि ते पैसे तिथल्या रेल्वे-बसकडे वळवले. बसथांब्यावर बस येत नाही म्हणून माणूस शेअर रिक्षा किंवा स्कूटर घेतो, तेव्हा त्याचे उत्सर्जन वाढते. हा आकडा ई-बसच्या उद्घाटनात दिसत नाही.

कचऱ्याचा वाटा छोटा आहे, पण तो मिथेनचा आहे, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. देवनारचा डोंगर १९२७ पासून साठतो आहे. जानेवारी २०१६ ची तिथली आग उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसली होती. आता तिथला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा हलवण्याचे काम निघाले आहे. ओला कचरा घरातच वेगळा झाला तर यातले पुष्कळ सोपे होईल, आणि हे काम महापालिकेच्या पूर्ण अखत्यारीत आहे.

माणशी १.८ टन या आकड्याविषयी मला तीव्रतेने काही सांगायचे आहे. हा आकडा देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे आणि तो अभिमानाने सांगितला जातो. पण २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईचे सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहतात. मानखुर्दला पत्र्याच्या खोलीत एक पंखा नि दोन दिवे लावणाऱ्या कुटुंबाचे उत्सर्जन आणि वरळीच्या टॉवरमधल्या चार एसींचे उत्सर्जन एकत्र करून भागले की सुंदर सरासरी येते. त्या सरासरीत गरिबीचा वाटा आहे. त्या पत्र्याखालच्या घराला उद्या कूलर मिळायलाच हवा, आणि त्यामुळे वाढणारे टन शहराचे अपयश म्हणून मोजू नयेत. जिथे चार एसी आहेत, तिथला आकडा उतरतो का, हे मोजा.

शेवटी हरित अर्थसंकल्पाची पुस्तिका. २०२४-२५ साठी महापालिकेने प्रथमच ती काढली आणि भांडवली खर्चापैकी सुमारे ३२ टक्के, म्हणजे १०,२२४ कोटी रुपये वातावरणाशी निगडित दाखवले. यात मोठा वाटा सांडपाणी आणि पूरनियंत्रणाचा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिलेल्या शहराला तो खर्च हवाच. पण ते संरक्षण झाले, कपात नव्हे. ऑस्लोच्या हवामान अर्थसंकल्पात प्रत्येक उपायापुढे किती टन कमी होतील ते लिहितात. आपल्या पुस्तिकेत कोटींच्या शेजारी टनांचा स्तंभ हवा.

गुण द्यायचे तर: मोजदादीला ५ पैकी ४, वाहतुकीला ३, इमारतींना २, विजेला अडीच आणि त्यातले बरेचसे वितरण कंपनीच्या करारामुळे. कमी गुण पाहून निराश होण्याचे कारण नाही. कोपनहेगनसारख्या श्रीमंत, शिस्तीच्या शहराने २०१२ च्या आराखड्यात २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ व्हायचे ठरवले होते. आमागर बाक्के या कचरा जाळणाऱ्या केंद्राचा कार्बन पकडण्याच्या यंत्रणेला सरकारी निधी मिळेना, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी उद्दिष्ट हुकणार हे जाहीरपणे सांगून टाकले. त्यांचे उत्सर्जन तोवर मोठ्या प्रमाणात उतरलेले होते, आणि तरीही ते आकडा लपवत बसले नाहीत. मुंबईनेही २०१९ च्या आकड्यापुढे दरवर्षीचा आकडा लिहावा, वाढला तरी लिहावा.

सेवा सुधारण्यासाठी माझी मागणी एकच, आणि ती खर्चिक नाही. चारही वितरण कंपन्यांनी प्रत्येक वीजबिलावर, युनिटच्या दराखालीच, त्या महिन्यात एका युनिटमागे किती ग्रॅम कार्बन गेला तो आकडा छापावा. सेक्रेटरी काकांना मग पंपाचे बिल आणि पंपाचा कार्बन एकाच कागदावर दाखवता येईल.